पाकिटावरची बुढी

८ जुलै, मंगळवार

माही खाट सरकवली! मले न विचारता!

लग्न होऊन आली तवापासून ते खाट ओसरीत होती. दाराच्या अंगानं. रस्त्यानं कोण आलं, कोण गेलं, सगळं दिसे. आज जेवून हात धुवून येते तं खाट मागच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांजवळ. अन् ओसरीत हा एवढा आंबाडीचा ढीग!

सुनेचं काम. मंजुषाचं. म्हणते, "आत्याबाई, ओसरीत उजेड आहे. भाजी निवडाले बरं पडते."

अन् मले अंधार बरा पडते, असं कोणी सांगितलं हिले?

धंदा आहे म्हणे तिचा. आंबाडीची चटणी, जवसाची चटणी, बोरकूट. पाकिटात भरते अन् दुकानाले देते. एस.टी.त टाकून पार भामरागडपर्यंत पाठवते. मांडीवर लेकरू, पायाखाली मिरच्याचं पोतं. तोच हात मिरचीले, तोच हात लेकराले. मंग विक्की बोंबलते अन् अर्धी चामोर्शी जमा होते.

माहा पोरगा प्रवीण ट्रकवर. घरी असता तरी काय मोठा तीर मारला असता? "माय, चालू दे नं" — एवढंच येते त्याले.

नात स्वातीच्या मागच्या वर्षीच्या वहीत कोरी पानं होती, त्यावर लिहून राह्यली. चौथीपर्यंतच शिकली. पण आपल्या मनातलं लिहाले तेवढं पुरते.

११ जुलै

दिवसभर मिरच्या भाजल्या तिनं. दिवसभर खोकली मी. मरत नाई म्हणून धुरी देऊन पाहून राह्यली असन.

१७ जुलै, गुरुवार

नवीन पाकिटं आली. त्यावर मी!

खरंच मी. जावेच्या पोरीच्या, सत्यशीलाच्या लग्नातला फोटो. वाढपी भात घेऊन माह्यासमोरून तसाच निघून गेला होता, तवाचं तोंड आहे ते. अन् फोटोच्या चारीकडून झेंडूचा हार!

म्हटलं, "फोटोले हार कोणाच्या घालतात, माहीत आहे काय तुले?"

"डिझाइन आहे, आत्याबाई."

भिंतीवर आमच्या यांचा फोटो आहे. गुणवंतरावांचा. त्याले असाच हार आहे. मले नेऊन यांच्या बाजूले बसवलं हिनं!

खाली लिहिलं आहे — वच्छलाआजीची चटणी. काही तक्रार असल्यास आजीले सांगा. अन् फोन नंबर मंजुषाचा.

मी म्हटलं, "तक्रार तं मलेच आहे. मी कोणाले सांगू?"

स्वाती हासली. सातवीत गेली, माय काय करून राह्यली ते समजत नाई, पण हासता येते.

२४ जुलै

अख्तरीच्या दुकानात गेली, तंबाखू संपला होता. तिनं मले पाहिलं अन् हातातलं माप खाली पडलं. बाहेर येऊन दंडाले चिमटा घेतला माह्या.

"या अल्ला! वच्छलाबाई, मैं तो पाकीट देखके रो दी थी!"

"रडली तं मंग विकून काऊन राह्यली?"

"क्या करूं, बिक रहा है."

पोत्यावर बसलेला एक बुढा म्हणे, "मले वाटलं आजी गेली म्हणून चटणीले तिचं नाव दिलं. जसं शाळेले देतात." माहं पाकीट होतं त्याच्या हातात. माह्याशी नाई, माह्या फोटोशी बोलून राह्यला होता मेला!

मंजुषाले घरी येऊन सांगितलं — काढ मले तिथून. म्हणते, "एवढी पाकिटं संपू द्या." म्हणजे मी किलोनं विकल्या जाऊन संपायची वाट पाहाची.

९ ऑगस्ट

विक्कीले ताप. मंजुषा रातभर जागी होती अन् सकाळी चूल पेटवून जवस भाजत बसली. कोणी सांगितलं एवढं? मी नाई सांगितलं. लेकरू माह्याजवळ आणून टाकलं. निजलं ते. त्याच्या डोक्याले पण मिरचीचा वास.

२० ऑगस्ट, बुधवार

आज जे झालं ते कोणाच्या घरी झालं नसन.

दुपारची पडली होती. डोळा लागत होता. तेवढ्यात ओसरीतून माहा अवाज आला. मी खाटेवर, अन् माहा अवाज ओसरीत!

"काऊन रे, तिखट लागते? चटणी आहे ते! पेढे पाहिजे तं हलवायाच्या दारात जाय. माह्या दारात कायले आला?"

मले वाटलं, मीच झोपेत बोलून राह्यली. तोंडावर हात ठेवून पाहिला. तोंड बंद!

"अन् डब्बा कसा ठेवला? झाकण उघडं ठेवशीन तं बुरशी तुह्या बापालेही चढन, चटणीचं काय! ...जेवला काय? नाई? मंग आधी दोन घास खाय. मंग भांड माह्याशी."

उठून गेली. मंजुषा! फोन कान अन् खांद्याच्या मधात दाबलेला, दोन्ही हात आंबाडीत, लेकरू पाठीशी बांधलेलं, अन् तोंड असं वाकडं केलेलं. माह्यावाणी! मले पाहिलं तं तोंड तसंच राह्यलं. अन् तशाच अवाजात फोनवर म्हणते, "ठेवते बापू. सून बोलावून राह्यली."

सून बोलावून राह्यली!

मी जे बोलायचं ते बोलली. सगळं इथी लिहत नाई, वही पोरीची आहे. ते एवढंच बोलली, "लोकाले आजीच पाहिजे, आत्याबाई. मी उचलला तं म्हणतात, आजीले द्या. शिव्या खायासाठी फोन करतात लोकं."

"मले विचारलं काऊन नाई?"

"तुमी नाई म्हटलं असतं."

"मंग?"

"म्हणून नाई विचारलं."

अन् पुन्हा आंबाडी निवडाले लागली! आधी खाट, मंग तोंड, आता अवाज. काय उरलं माहं? सांधे दुखतात तेवढे उरले, ते कोणी घेत नाई.

२१ ऑगस्ट

जेवली नाई. तिनं ताट खाटेजवळ ठेवलं अन् गेली. एकदाही 'जेवा' म्हटलं नाई. लोकाले फोनवर विचारते, घरच्या बुढीले नाई!

संध्याकाळी खाल्लं. भात वाया जात होता.

पण ठरवलं. एक दिवस भरल्या बाजारात अख्तरीच्या दुकानासमोर उभी राह्यन अन् सांगीन — हे फोनवरची आजी खोटी आहे, माही सून नाटक करते. मंग पाहू कोण फोन करते. धंदा बसला की ढीग उठला. ढीग उठला की माही खाट ओसरीत.

तिलेही सांगून ठेवलं हे. तोंड उतरलं तिचं. उतरू दे.

६ सप्टेंबर, शनिवार

बाजाराची गरज नाई पडली. त्याहून मोठं निघालं.

एस.टी.च्या कंडक्टरनं एक पुडकं आणून दिलं. वर माहं नाव. उघडलं तं लुगडं! हिरवं, नऊवारी, लाल काठाचं. म्हटलं, कोणी पाठवलं? तो म्हणे, "भामरागडहून. हेमराजभाऊनं."

हेमराज. माहा लहाना भाऊ.

हे नाव ह्या घरात मी काढू देत नाई. आमचे हे गेले तवा तेराव्याले माहेरचं लुगडं यावं लागते. भावानं आणाचं, तेच नेसून बाईनं उठाचं. सगळे बसून होते. दाराकडे पाहून राह्यले होते. हेमराज नाई आला. शेवटी जावेच्या भावानं धावत जाऊन दुकानातून आणलं, ते नेसून उठली. परक्याचं! मागून निरोप आला — पर्लकोटा नदीले पूर होता, रस्ता बंद होता. असन पूर. पर्लकोटा चढते तशी उतरतही असन नं! उतरल्यावर कुठी गेलता? तवापासून तो माह्यासाठी नाई.

अन् आता लुगडं!

मंजुषाकडे पाहिलं. ते खाली पाहून राह्यली होती. तवाच समजलं, चोर घरातच आहे.

म्हटलं, बोल.

बोलली. पाकीट गेलं भामरागडच्या दुकानात. हेमराजनं पाहिलं — बहिणीचा फोटो अन् फोटोले हार. तिथीच बसून रडला. मुर्द्यावर टाकासाठी माहेरचं लुगडं लागते म्हणून उधार घेऊन लुगडं घेतलं. पण पुरानं पुन्हा रस्ता बंद. मंग पाकिटावरचा नंबर लावला, दहावा कधी आहे हे विचारासाठी.

अन् फोन हिनं उचलला. माह्या अवाजात!

"मी काय करू, आत्याबाई? म्हातारा माणूस, हुंदके देऊन राह्यला. तोंडातून निघून गेलं — मेली नाई अजून, रडणं बंद कर."

तवापासून दर रविवारी फोन करते म्हणे तो. माह्याशी बोलते. म्हणजे हिच्याशी! गेल्या रविवारी म्हणे, "बाई, तुह्या मौतीचं लुगडं घेऊन बसलो. दुकानदार वापस घेत नाई. आता जित्तेपणीच नेस."

"अन् तेराव्याचं? ते बोलला काय?"

"बोलला. माफी मागितली. पूर उतरल्यावर यायची लाज वाटली म्हणे. उशिरा आलो तं बाई दारातूनच हाकलन, म्हणून नाई आलो म्हणे."

"अन् मी काय म्हटलं?"

मंजुषानं पदर हातात घेतला. "तुमी लय शिव्या दिल्या त्याले. लय. तो ऐकत होता. मंग तुमी विचारलं, जेवला काय."

लुगडं उचललं अन् तिच्या आंबाडीवर फेकलं. म्हटलं, उद्या रविवार आहे. उद्या सांगाचं त्याले. तुह्या सोताच्या अवाजात. वच्छला बोलली नाई, तिच्या सुनेनं फसवलं. वच्छलानं माफ केलं नाई.

७ सप्टेंबर, रविवार

सांगितलं तिनं. माह्यासमोर. खाली बसून, सोताच्या अवाजात. "मामाजी, मी मंजुषा बोलते. आजवर पण मीच होती."

  तिकडून फोन बंद झाल्याचा अवाज.

तिनं फोन आणून माह्या खाटेवर ठेवला. "घ्या. तुमचं तोंड, तुमचा अवाज, आता फोनही तुमचा. मी नाई उचलत." अन् लेकराले न्हाऊ घालाले गेली.

बरं झालं.

१० सप्टेंबर

वाजते, वाजते, वाजतच राहते! कानाजवळ माशी शिरल्यावाणी. शेवटी उचलला.

चंद्रपूरची बाई. चटणीत मीठ जास्त आहे म्हणे. मी म्हटलं, मीठ जास्त आहे तं पाणी पे. हासत बोलून राह्यली होती ते थांबली अन् म्हणे, "तुम्ही कोण? आजींना द्या ना जरा."

"मीच आजी!"

"नाही हो. आमची आजी अशी नाही बोलत. ती रागावते खूप, पण मग विचारते जेवलीस का. तुम्ही दुसऱ्याच कोणीतरी आहात." अन् ठेवला!

मी दुसरीच कोणीतरी! माह्या पाकिटावर! माह्या खाटेवर बसून!

संध्याकाळी मंजुषाले विचारलं, "ते 'जेवला काय' तू कुठून आणलं? मी असं कवा म्हटलं?"

भाकर थापत होती. मान वर नाई केली. "ते माहं आहे. बाकी सगळं तुमचं."

१४ सप्टेंबर, रविवार

फोन नाई आला.

पाऊस नाई. रस्ता सुरू आहे. मोबाइलच्या रेंजच्या काड्या पुऱ्या आहे, स्वातीनं पाहिलं. नाई आला.

१८ सप्टेंबर

खाट ओसरीत आली. मंजुषानंच आणली, स्वातीले एका बाजूनं धरायले लावून. आंबाडी नाई, ढीग नाई. अख्तरीनं पाकिटं मागितली तं म्हणे, नाई भरली. विक्कीले मांडीवर घेऊन नुसती बसून राहते. प्रवीणनं फोनवर विचारलं, काय झालं, तं म्हणे काही नाई.

मले पाहिजे होतं ते सगळं झालं. खाट दारात. रस्ता दिसते. दिवसभर पाहिला. दोन बकऱ्या गेल्या.

हेमराज लहान होता तवा असाच. रागावली की बोलणं बंद. मंग मीच शोधाले जाव. मोहाच्या झाडाखाली बसून राहे, नाक पुसत. हे कायले लिहिलं, माहीत नाई. खोडत नाई, पान फाटते.

२१ सप्टेंबर, रविवार

पितरांची अवस. आज नवं नेसत नाई म्हणतात. मौतीच्या लुगड्याले कोणता मुहूर्त पाहाचा? काठाले आंबाडीचा डाग पडला होता. धुतला, निघाला नाई. तसंच नेसली.

मंजुषाले म्हटलं, आण तुही आंबाडी, पसर खाटेच्या बाजूले. पाय पडला तं माहा दोष नाई. गिऱ्हाइकाचा फोन तूच उचल, माह्याच अवाजात. मले नाई पाहिजे लोकाच्या मिठाच्या तक्रारी. पण हेमराजसंग तू वच्छला बनून बोलाचं नाई.

स्वातीले म्हटलं, लाव भामरागडचा नंबर. अन् तिकडे कोणीही उचलो, आधी सांग — त्याच्या सुनेनं बोलाचं नाई, पोरानं बोलाचं नाई, बुढा घरी नाई असंही सांगाचं नाई. वच्छला आहे फोनवर. हेमराजनंच बोलाचं.