पहिल्याच किल्लीला

प्रिय एसेनबेक,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. आई बऱ्या आहेत. गाय व्यायली, कालवड झाली. आणि आपली गाडी सुरू झाली. कुणाला बोलावलं नाही, मीच केली.

"स्टार्टर गेलाय ना? मग भंगारच आहे ती, विकून टाक," असं तू फोनवर म्हणालास. पण अडलेल्या बाईला खिंडीपलीकडे नारीनच्या इस्पितळात न्यायचं, तर गावात भरवशाची दुसरी गाडी कुठंय? आणि गावाची नर्स मी. बंद गाडीकडे बघत बसायचं होय?

किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' व्हायचं. दिवे लख्ख, म्हणजे बॅटरी चांगली. तारांची टोकं घासून घट्ट केली, तरी तेच. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तू स्टार्टर उघडला होतास, आठवतं? मी शेजारी बसून एकेक बोल्ट तुझ्या हातात देत होते. "बघून काय करणार आहेस?" असं तू हसून विचारलं होतंस. तेच बघितलेलं कामी आलं.

आधी बॅटरीची तार सोडली आणि गाडीखाली शिरले. खालचा बोल्ट हलेना. त्यावर रॉकेल सोडून दोन दिवस वाट पाहिली. शेजारचे सातार बाइके कुंपणावरून ओरडले, "सूनबाई, सुई टोचणारे हात ते! पाना काय पेलणार?" आई दारातूनच म्हणाल्या, "गावातली निम्मी पोरं त्याच हातांनी ओढून काढलीत. हा बोल्ट त्यांच्यापेक्षा अवघड आहे का रे?"

अंगणात जाड लोकरी नमद्याचा जुना तुकडा पसरला आणि स्टार्टर उघडला. सुटं होईल तसं ओळीनं मांडत गेले, बाळंतपणाची हत्यारं मांडते तसं. आतले कार्बनचे ठोकळे झिजून नखाएवढे उरले होते. तांब्याच्या पट्ट्या काळ्याठिक्कर. पुढचं दातेरी चाक जुन्या ग्रीसच्या चिखलात रुतलेलं. पेट्रोल आणि दात घासायच्या ब्रशनं सगळं धुतलं, पट्ट्या बारीक पॉलिश पेपरनं घासल्या, त्यांच्यामधल्या खाचा सुईनं कोरल्या. नारीनहून नवे कार्बन मागवून बसवले, अंगणातच स्टार्टरला बॅटरी जोडली, आणि काही नाही! ढिम्म. गोठ्यात जाऊन रडले मी, खोटं कशाला सांगू? मग तोंड धुतलं आणि पुन्हा उघडला. एक कार्बन खोबणीत अडकला होता, पट्टीला टेकतच नव्हता. त्याची कड जराशी घासली. या वेळी स्टार्टर असा उसळला, की पायाखाली दाबून धरला होता तरी दचकून आईंच्या हातातला चहा सांडला. त्या म्हणाल्या, "सांडू दे!" मग तो पुन्हा गाडीत बसवला.

गुरुवारी दुपारी सातार बाइके धावत आले. त्यांच्या सुनेला, नुरझियाला, कळा लागल्या होत्या आणि मूल आडवं होतं. "सूनबाई, तुझी गाडी..." एवढंच बोलले. पहिल्याच किल्लीला सुरू झाली, एसेनबेक! खिंडीच्या चढावर बर्फाच्या राड्यात इंजिन बंद पडलं. मागे नुरझिया कण्हत होती, बाइके तोंडातल्या तोंडात दुवा मागत होते. मी किल्ली फिरवली, गाडी पुन्हा सुरू. डॉक्टरांनी पोट उघडून मुलगी काढली. दोघी सुखरूप आहेत. परतताना बाइके म्हणाले, "माझीही गाडी कुरकुरते गं, जरा ऐकून जाशील?" मी म्हटलं, "रांग आहे."

तू पाठवलेलं गिऱ्हाईक काल आलं होतं. चहा-नान देऊन मी त्याला परत पाठवलं. तुझा भाऊ तिखटमीठ लावून सांगेल, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. गाडी विकली की आधी गाय, मग घर, आणि मग आई नि मी तुझ्याकडे रशियात, हे तुझ्या मनात आहे. तीन वर्षांत तू ते सरळ बोलला नाहीस आणि मीही 'नाही' म्हटलं नाही. आज म्हणते. मी येणार नाही. इथे माझ्यावाचून अडतं, आणि मला ते आवडतं. तुझ्यावाचूनही अडतं, ते मात्र मला आवडत नाही. तू ये. दिवस कळव, नारीनच्या बसथांब्यावर न्यायला मी येईन.

तुझीच, पण इथलीच,
बुरुल