साडूच्या इंजनातलं पाणी

९ नोव्हेंबर, रविवार
राणीसावरगाव. सासऱ्यांकडं कंदुरीचं, नवसाच्या मटणाचं जेवण. साडू प्रकाश गाडी घेऊन आला. पांढरी, वापरलेली, पण पॉलिश मारून आणलेली. संभाजीनगरहून घेतली म्हणं. मला एक फोन न्हाई! वीस वर्षं जिंतूरला गॅरेज चालवायलोय, घरात मिस्त्री असताना ह्या मास्तरानं परस्पर गाडी घेतली. इथून पुढं वहीत त्याचं नाव नुसतं प्र. पूर्ण लिहून शाई घालवायची न्हाई.

सासरे पुढच्या सीटवर बसून गावातून चक्कर मारून आले. मला म्हणले, "पाव्हणं, तुमीबी बसा की एकदा." म्हणलं, बसतो मामा, घाई काय हाय.

सगळे पंगतीला बसले तवा गुपचूप बॉनेट उघडलं. काहीतरी निघंलच. तेलाचं झाकण काढलं, खिशातल्या फडक्यानं आतून पुसलं, वाकून बघितलं. साफ. लय साफ. तेवढ्यात प्र. हात धुवायला आला. झाकण घाईत बसवलं, फडकं खिशात कोंबलं.
"काय बघायलाव दादा?"
"इंजन चांगलं हाय." एवढं म्हणायलाबी जीव गेला.

येष्टीनं परत. गंगाखेडला बदला, परभणीला बदला. सुनीता खिडकीला डोकं टेकून म्हणते, "प्रकाशरावाच्या गाडीत किती गार वाटायलं होतं." मी झोपेचं सोंग घेतलं. घरी येऊन चांगली पँट खुंटीला. एकदाच घातलीय, धू नको म्हणलं.

१२ नोव्हेंबर
सुनीता भाकरी थापता थापता, "एक विचारू? तुमच्या पोटात दुखायलंय का?"
"कशाला दुखंल?"
"न्हाई, तीन दिवस झाले तुमी प्रकाशरावाचं नाव घेईनात."
आता बायकोलाबी दिसायलं म्हणजे कमाल झाली.

२० नोव्हेंबर, अमावास्या
सकाळपासून नऊ ट्रॅक्टर धुवून गेले. नऊ लिंबं बांधली. नवाच्या नवा दुसऱ्याच्या गाड्या. माझी ती मोटारसायकल, तिला अर्धं लिंबू.
प्र.नं त्याच्या घरून, वालूरहून फोटो पाठवला. बॉनेट उघडं, पाण्याच्या मोटारीचा पाईप धरून इंजनावर पाणी मारायलाय. हार, नारळ, सगळा थाट. मेव्हणी रेखा शेजारी उभी, हसायली. फोटो तीनदा बघितला. कशाला बघितला?

२३ नोव्हेंबर, रविवार
प्र.चा फोन. "दादा, तेल बघायला गेलो तर झाकणाखाली ताकासारखं काहीतरी जमलंय. या ना, तुमच्याबिगर कुणावर भरवसा न्हाई."
आता आठवलो!
खोटं कशाला लिहू, मोटारसायकलला किक मारताना आनंदाच्या उकळ्या फुटायल्या होत्या. वालूरला गेलो. तेलाची पट्टी काढली. तेल फेसाळ, चहाच्या रंगाचं. म्हणजे तेलात पाणी. तोंड लांब करून बोललो, "हेड गॅसकेट गेलं असंल. रेडिएटरचं पाणी तेलात उतरायलंय. जुन्या गाडीचं असंच." मेव्हणीचा चेहरा पार उतरला. प्र. म्हणला, "विकणाऱ्यानं फसवलं का मला?" म्हणलं, "मला विचारलं असतं तर..." आणि वाक्य तसंच लोंबकळत ठेवलं. लय बरं वाटलं.
तेल बदललं. रेडिएटरच्या डबीवर पेननं रेघ मारली, पाणी कमी होतंय का बघायला. खराब तेल काचेच्या बाटलीत घेऊन आलो.

२७ नोव्हेंबर
सुनीताच्या जुन्या तव्यावर त्या तेलाचा थेंब टाकला. तडतडलं. पाणी हाय, नक्की. तवा गेला म्हणून शिव्या खाल्ल्या.
पण बाटली चार दिवस फळीवर ठेवली होती, तळाला पाणी उतरलंय. साधं पाणी. स्वच्छ. रेडिएटरमधलं असतं तर हिरवं दिसलं असतं, त्यात हिरवं औषध घातलंय.
म्हणजे गॅसकेट न्हाई. मग पाणी आलं कुठून?
प्र.ला फोन करायला पाहिजे. करतो उद्या.

१ डिसेंबर
केला न्हाई.

१४ डिसेंबर
प्र. म्हणतो, तेल अजून तरी साफ हाय. डबीतलं पाणी रेघेवरच. "तुमच्या हातात जादू हाय दादा." मला आवडलं न्हाई. काय आवडलं न्हाई ते सांगता येईना.

२१ डिसेंबर, रविवार
परत ताक! प्र. रडकुंडीला. वालूरला गेलो. गाडी धुवून लखलखीत, आरशाला नवं लिंबू. शुक्रवारी अमावास्या झाली की. आणि इंजन? "तेबी धुतलं, पूजा करायची मग धुळीत कशी करावी?"
डोस्क्यात लख्ख पडलं. मोबाईलवरचा त्याचा मागचा फोटो काढून बघितला. २० नोव्हेंबरला धुतली, २३ ला ताक. आता १९ ला धुतली, २१ ला ताक. झाकण काढून उलटं केलं. आतली रबराची रिंगच न्हाई! झाकणाभोवती खळगा, त्यात पाणी साचतं आणि आत झिरपतं. एवढंच. इंजनाला धाडसुद्धा भरलेली न्हाई.
मागच्या वेळी हे माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई? झाकण ह्याच हातानं काढलं होतं. गॅसकेटच शोधायला गेलो होतो, मग रिंग कशी दिसंल.
प्र. तोंडाकडं बघायला. मी म्हणलं, "बघू." तेल बदललं, झाकण लावलं, घरी आलो. रिंग त्या विकणाऱ्यानंच काढली असंल. मी काय करू?

४ जानेवारी
प्र.नं गाडी परभणीला दाखवली. दोनदा ताक झालं ऐकून तिथला मिस्त्री म्हणला, इंजन खोला, न्हाईतर मिळंल त्याला देऊन टाका. प्र. म्हणं द्यायचं ठरवायलाय. सुनीता सांगत होती, मेव्हणी दोन दिवस जेवली न्हाई. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन परभणीला, पट्टी बांधून येष्टीत कसं न्यायचं म्हणून घोर लागलाय. ह्याच गाडीत न्यायचं ठरलं होतं.
हेच पाहिजे होतं ना मला? मग जेवण का जाईना?

१३ जानेवारी, भोगी
उद्या संक्रांतीला राणीसावरगाव. सुनीतानं खुंटीवरची पँट काढली, खिसा उलटा केला. तेलकट फडकं. आणि फडक्याला चिकटलेली काळी रबराची रिंग.
"हे काय?"
बाजरीच्या भाकरीचा घास परत ताटात ठेवला. विकणारा न्हाई, कोणी न्हाई. मीच. झाकण पुसताना जुनी, कडक झालेली रिंग फडक्यातच आली. कंदुरीच्या पंगतीला. दुसऱ्याच्या गाडीत खोट शोधायला गेलो आणि खोट घालून आलो.
सुनीताला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणली, "रेखा माझी पाठची बहीण हाय हो."

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ दिला घेतला. प्र.ला बाजूला घेऊन सांगणार होतो. त्यानंच बाजूला घेतलं.
"दादा, तुमाला न विचारता गाडी घेतली, राग हाय ना?"
"न्हाई, राग कशाचा."
"खरं सांगू? वीस वर्षं तुमी दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त करायलाव, तुमच्याकडं गाडी न्हाई. तुमाला सोबत नेऊन माझ्यासाठी गाडी बघायची मला लाज वाटली. जीव झाला न्हाई."
मामा तिकडून हाका मारायले. सांगायचं तसंच राहिलं. रिंग खिशात होती.

१६ जानेवारी
प्र. गाडी घेऊन जिंतूरला. चावी माझ्या हातात. "परभणीवाल्याकडं न्हाई देणार. इंजन खोलायचंच असंल तर तुमीच खोला. तुमी म्हणलाव विका, तर विकतो. रविवारी दहाला येतो, तुमच्या हाताखाली पाने द्यायला."
मला हेच पाहिजे होतं. त्यानं मला विचारावं. पहिल्या दिवसापासून फक्त हेच.
चावी घेतली, गाडी दारात लावली.

१८ जानेवारी, रविवार, अमावास्या
ट्रॅक्टरवाल्यांना आज दुपारनंतर या म्हणलं. प्र.ची गाडी दारात, धुळीनं माखलेली. ही पहिली अमावास्या, तिला पाणी लागलं न्हाई. लिंबू बांधलं.
पट्टी काढून बघितली. तेल साफ, मधासारखं.
रिंग बसवून झाकण लावायला एक मिनिट. मग म्हणायचं, झालं, जादू हाय माझ्या हातात. तो आयुष्यभर म्हणंल, दादासारखा मिस्त्री न्हाई. मामा पंगतीत सांगतील. कुणाला कधी कळणार न्हाई.
सुनीताला कळंल. तिनं सकाळी डबा दिला, दोघांचा दिला.
रिंग झाकणात न्हाई, खिशातबी न्हाई. टेबलावर ठेवलीय, ह्या वहीशेजारी, येणाऱ्याला दिसंल अशी. दोनदा उचलली, दोनदा ठेवली.
दहाला पाच मिनिटं कमी. प्रकाश येष्टीतून उतरून स्टँडकडून चालत यायलाय, हातात तिळगुळाचा डबा.