नांदुऱ्याहून आणलेला माइक

शके १८८४, आषाढ वद्य १०

माइक आणला. छकड्यात गवत पसरून त्यावर मशीन, बॅटरी आणि भोंगा. माइक मात्र सारी वाट माझ्या मांडीवर, उपरण्यात गुंडाळून. नांदुऱ्याच्या रहीमभाईचा तंबूतला सिनेमा यंदा बंद पडला, त्याचं हे जुनं सामान. त्याने तिथे चालवून दाखवलं. आवाज स्वच्छ, पार धान्याच्या बाजारापर्यंत. निघताना म्हणाला, "बुवा, इसको गीले हाथ मत लगाना. बाकी ये कुछ नहीं मांगता."

गावात शिरलो तर पाटील उभेच. "बोलून पाहा, बोलून पाहा." मी म्हटलं, पहिले पूजा, मग आवाज. मारुतीच्या देवळात पाटावर बसवला. तुळशीच्या पानाने पाणी शिंपडलं. हळदकुंकू, अक्षता, गुलाल, नारळ. पाच बायांनी ओवाळलं, प्रत्येकीने कुंकू लावलं. मग बोललो. ठीक होता आवाज. नांदुऱ्यात होता तसा नाही वाटला. मीच थकलो असेन.

आषाढ वद्य १३

मिरचीवर बोकड्या दिसतो. श्रीराम म्हणतो, काही नाही बाबा, तुम्हाला सगळीकडे रोगच दिसतो. तो पोरगा माझं ऐकणार नाही, पीक जाईल तेव्हा ऐकेल.

मनात घोर माइकचा. गेल्या श्रावणात पोथी वाचताना माझा आवाज चिरकला. मागून कोणी तरी ओरडलं, "बुवा, जोरानं!" तेव्हापासून पाटलांच्या डोक्यात वानखडे मास्तर. शाळेत नवे आलेले, अमरावतीकडचे, पंचवीस वर्षांचे, चष्मा. वाकून नमस्कार करतात, तेच मला खुपतं. पाटील म्हणाले होते, यंदा मास्तर वाचतील. मीच म्हटलं, गळा बसला तर माइक आणू, गादी कशाला बदलता. एकतीस वर्षं त्या पाटासमोर मी बसतो. माझ्या आधी माझा मामा बसत होता.

म्हणजे माइक चालला तर मी.

श्रावण शुद्ध १

आज पोथी बसली. तिसऱ्या प्रहरी सुरू केली. पोथीला कुंकू, मग माइकला कुंकू. रोज दोघांनाही लावायचं ठरवलं आहे. एक बोलते, एक बोलवतो.

आवाज जड. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. उठल्यावर पाटील म्हणाले, "किसनबुवा, सगयं डोक्यावरून गेलं." ओट्यावरचा महादू तेली म्हणाला, "भोंग्यात म्हैस हंबरून राह्यली जनू!" हसले सगळे. मीही हसलो. घरी येऊन पाणी प्यायलो नाही.

श्रावण शुद्ध ३

बॅटरी उतरली असेल म्हणून नांदुऱ्याला भरायला पाठवली. भरून आली. तेच. भोंगा निंबावरून काढून देवळाच्या गच्चीवर बांधला. तेच. आता म्हैस उंचावरून हंबरते एवढंच.

श्रावण शुद्ध ६

वायर तीन ठिकाणी कापून पुन्हा जोडली. तांब्याची तार बोटात गेली, ठणका आहे. माइकच्या जवळ सरकलो, लांब सरकलो, वर रुमाल टाकला, काढला. पहिल्या दिवशी निदान थोडं समजत होतं. आता आवाज रोज जास्तच बसतो आहे. मी पूजा चुकवली नाही, एकही दिवस. तरी.

वाटेत मास्तर भेटले. "बुवा, आवाज येतो, शब्द येत नाहीत." त्यांच्याकडे हीच पोथी आहे, छापील, नवी. शाळेच्या पडवीत उघडून बसतात म्हणे रोज. "तुम्ही कुठे आहात तेच सापडत नाही. एकदा नीट ऐकू आलं की मी ओळीवर बोट ठेवून बसेन."

मी म्हटलं, बरं.

घराऐवजी शेताकडे वळलो.

श्रावण शुद्ध ८

इथे लिहितो, दुसरीकडे कुठे सांगणार. मी तिसरी शिकलो. घरचं, बोलण्यातलं लिहिता येतं, हे लिहितो आहे तसं. पोथीतली जोडाक्षरं, न तोडता लांबच लांब गेलेले शब्द, ते मला कधी आले नाहीत. मामाने पोथी कानाने शिकवली. पान उघडायचं, बोट फिरवायचं, आणि म्हणायचं पाठ केलेलं. मामा गेला. दर वर्षी कुठला तरी शब्द गळाला. गळाला तिथे चालीत बसेल असं काही घालत गेलो. समोर वीस-पंचवीस म्हातारी माणसं, निम्मी पेंगलेली. कोणी चूक धरली नाही.

आता भोंगा शाळेपर्यंत जातो. तिथे मास्तर बोट ठेवून बसणार.

आणि मीच वायरी कापत बसलो आहे, नीट ऐकू यावं म्हणून.

श्रावण शुद्ध ११

एस. टी. ने नांदुऱ्याला गेलो. रहीमभाईला जाब विचारायला. माइक नेला नाही. पूजेला बसवलेली वस्तू समाप्तीआधी पाटावरून उचलत नाहीत.

तो स्टेशनाजवळच्या चहाच्या हॉटेलात होता. म्हणाला, "जाली खोल के देखी?" मी म्हटलं, देवाजवळ बसवलेल्या वस्तूला पेचकस लावू? तो काही तरी सांगत होता, मी ऐकलं नाही. चार माणसांत म्हटलं, तंबूवाले सारे ठग, अंधारात पैसा कमावणारे. त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. मी तसाच उठलो. बाहेर येऊन वाटलं, प्यायला हवा होता.

श्रावण वद्य १

काल राखी. बहीण आली नाही, तिच्या गुडघ्यांचं कारण. माझ्या गुडघ्यांना कोण विचारतं.

पाटलांनी बोलावून सांगितलं, "समाप्तीले चार गावचे लोक येतीन, माये जवाई येतीन. तवापर्यंत हे डबडं सुधरलं नाई तं मास्तर वाचतीन, बिनमाइकचं. त्यायचा आवाज मोठा हाय. तुमी बाजूले बसा, मानानं."

मानाने बाजूला. बाजूला मान असतो का?

श्रावण वद्य ४

वाचन आटोपून लोक शेतात परतले, देवळात कोणी नव्हतं. मारुतीला हात जोडले आणि जाळीचा पेच काढला. उचलला नाही, पाटावरच.

जाळीच्या आत रेशमी कापडाचा तुकडा आहे. लाल. कापड दिसतच नव्हतं, कुंकवाची खपली होती, वाळलेल्या चिखलासारखी. त्यात हळद, गुलाल, तांदळाचे दोन दाणे. वरचे सारे थर माझ्याच बोटाचे. रोज एक, ओल्या बोटाने.

माणसाला ठग म्हणून आलो, चार लोकांत.

खपली काढली. कापड फाटलं, ते टाकलं. कोंबडीच्या पिसाने सारं झटकलं, जाळी कोरडी पुसली. मशीन लावलं आणि शेवटच्या अध्यायातली एक ओवी म्हटली. आवाज सुटलेल्या शाळेच्या भिंतीवर आपटून परत आला. एक-एक अक्षर सुटं. असा आवाज मला माझ्या तरणेपणातही नव्हता. लगेच बंद केलं.

घरी आलो तर बुढी, श्रीरामची आई, चुलीजवळ. "आज तुमचा आवाज आला जी. एकतीस वर्सांत पह्यल्यांदा सगयं समजलं." भाकरी थापता थापता थांबली. "ते मधात एक म्हनलं तुमी, ते काय असते?"

तो शब्द नाहीच कुठला. मीच कधी तरी घातलेला. मी म्हटलं, "देवाचं नाव हाय."

पिठाचे हात तिने जोडले.

श्रावण वद्य ५

आज वाचायला बसलो. पोथीला कुंकू लावलं. मग माइककडे पाहिलं. तो स्वच्छ, काळा. बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं, जाळीवर दाबून फिरवलं. दोनदा. मग वर थोडी हळद.

म्हैस हंबरली. महादू हसला. मास्तर पडवीतून उठून आत गेले.

संध्याकाळी दोन भाकरी जेवलो. पुष्कळ दिवसांनी.

श्रावण वद्य ७

पाटलांकडे बसलो होतो. त्यांनी रहीमभाईला निरोप धाडला, समाप्तीच्या दिवशी ये आणि साऱ्या गावासमोर तुझं डबडं उचलून ने. वर म्हणाले, "आन् याच्या तंबूले आपल्या जत्रेत यापुढं जागा नाई." त्याचा सिनेमा यंदा बंद आहे, जत्रेच्या आशेवर पुढच्या साली पुन्हा तंबू उभा करणार होता. मला त्यानेच सांगितलं होतं, माइक देताना.

मी सुपारी कातरत होतो. कातरत राहिलो. पाटील म्हणाले, "काऊन बुवा, बरोबर हाय ना?"

मान हलली माझी. कशी हलली ते मलाच कळलं नाही.

श्रावण वद्य ८

बुढी माळ ओढत बसली होती. जवळ गेलो तर ओठांवर तेच नाव. मी घातलेलं.

श्रावण वद्य ९

श्रीराम वांगी घेऊन बाजाराला गेला, बुढी देवळात. सुनेला हाक मारली. कमल देऊळगाव राजाची, सातवी शिकलेली. म्हटलं, "मले नीट दिसत नाही, शेवटचा अध्याय जरा वाचून दाखव."

तिने हात धुऊन पोथी घेतली. पान उलटलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "मामंजी, दिसत नाही म्हणूनच का?"

मी उपरण्याच्या टोकाला गाठ मारली, सोडली.

"मी आले त्या पहिल्याच श्रावणात कळलं मला. माझे वडील वाचायचे ना घरी ही पोथी."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही सहा वर्षांत मला मीठ मागितलं, पाणी मागितलं. दुसरं कधी काही विचारलं का?"

राग आला. उठून अंगणात गेलो, परत आलो. ती तशीच बसली होती. म्हणाली, "तुम्ही म्हणा. चुकेल तिथं मी दाणा ठेवते." ज्वारीची मूठ घेतली. मी म्हणत गेलो, ती ठेवत गेली. पानापानावर दाणे. अध्याय संपला तेव्हा एकवीस होते. पहिला दाणा त्याच ओवीवर, बुढीच्या नावावर.

कोंबडी दाणे टिपायला आली तेव्हा कमल हसली. मला हसू आलं नाही.

श्रावण वद्य ११

दोन दिवस दुपारी तोच उद्योग. ती म्हणते, मी म्हणतो. बारा दाणे उचलले. पण एक शब्द सुधारला की दुसरा गळतो. जुनी चाल जीभ ओढून जुन्या खड्ड्यात नेते. एकतीस वर्षं तिथेच पाय पडला आहे. आज चिडून म्हटलं, ठेव ती पोथी, होऊ दे मास्तरचं. ती म्हणाली, "ठेवते. पण मग त्या नांदुऱ्याच्या माणसाचं काय?" कुंकवाचंही तिला माहीत आहे. माझ्या उपरण्याला लाल बोटं पुसलेली ती रोज धुते.

वाचन संपून लोक गेल्यावर देवळात माइक पुन्हा साफ केला. बुढीच्या जुन्या पातळाचा पातळसा तुकडा आत लावला. कोणाला सांगितलं नाही. पाटलांना फक्त म्हटलं, उद्या बिनमाइकचं वाचतो, समाप्तीला मलाच बसू द्या, माइक सुधारेल. ते म्हणाले, "पह्यली ओवी ऐकीन. नाई समजली तं तिथंच उठा."

श्रावण वद्य १३

समाप्ती. देवळात फेरी मारून पोथी घ्यायला घरी आलो, घाईत लिहितो. देवळाजवळ माणूस मावत नाही. पाटलांचे जावई आले, फेटे बांधून.

रहीमभाई सकाळच्या एस. टी. ने आला. ओट्याखाली एकटा उकिडवा बसला आहे, त्याला कोणी बस म्हटलं नाही. मला पाहून उठला. खिशात पेचकस. "बुवा, इजाजत हो तो एक बार जाली खोल के देख लूँ. आपके भगवान से माफी मांग के." मी म्हटलं, वाचन झाल्यावर. तो बरं म्हणाला. त्या दिवसाच्या चहाचं दोघांनीही काढलं नाही.

मास्तर पुढच्या रांगेत बसले आहेत, पोथी मांडीवर उघडी, बोट तयार.

पाच दाणे राहिले. कमलने पानांवरून उचलून माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, "पाचच आहेत मामंजी. अडलं तर थांबा. थांबलं तर चालतं. भलतं घालू नका." उपरण्याच्या टोकाला बांधून घेतले.

बुढी कधीची तयार. नवं लुगडं. दारातून विचारते आहे, "आज ते नाव कवा येईन जी? मी डोये मिटून बसीन तवा."

निघतो. माइक परवापासून स्वच्छ आहे, कोणी हात लावलेला नाही. कुंकवाची डबी सोबत घेतली आहे. पोथीला तर लावावंच लागतं.