तालिनला काय कळवू?

१० फेब्रुवारी, सोमवार

काद्रीने आज कॅमेरा चालू केला! एरवी मीटिंगमध्ये आमच्या या बॉसबाईसाहेबांचं नुसतं नाव दिसतं. कॅमेरा चालू म्हणजे काहीतरी गंभीर, हे टीममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणाली, घरून काम करणं एप्रिलअखेर बंद. मेपासून मी एस्टोनियाला, तालिनच्या ऑफिसात हवा. फेरीबोटींच्या तिकिटांची अख्खी साइट नव्याने बांधायची आहे आणि ती टीम माझ्या हाताखाली देणार. पगार वाढेल, परमिटचं ते बघतील. आणि नाही जमलं तर? "तर आम्ही समजून घेऊ." एस्टोनियात इतकं गोड बोलून दार लावतात.

उत्तर २८ तारखेपर्यंत.

आनंद झाला. खोटं कशाला लिहू — इतका झाला की लॅपटॉप तसाच टाकून हॉलमध्ये येरझारा घालायला लागलो. मग बाबा दिसले. सोफ्यावर एकटे, टीव्ही बंद, चष्मा कपाळावर. आई ऑगस्टमध्ये गेली तेव्हापासून असेच बसतात. ते एकटे पडू नयेत म्हणूनच तर मी तालिनची खोली सोडून इथे भिलाईत, स्मृती नगरच्या घरात येऊन बसलो.

"घरातल्या घरात कावून फिरून राहिला बे?"

"काही नाही बाबा. पाय मोकळे करून राहिलो."

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोनवर अजून दोन घड्याळं आहेत, भिलाईचं आणि तालिनचं. दिवसभर दुसऱ्याकडेच बघत होतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

करिष्माला नागपूरला फोन लावला. कोणाला तरी सांगितल्याशिवाय पोटात मावेना.

"मस्तच ना दादा! तू तं जानारच!"

"आणि बाबा?"

"बाबा पाहतीन बाबाचं. ते काय लहान हायेत?"

लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणींना किती सहज बोलता येतं! तिला म्हटलं, बाबांना सध्या काही बोलू नको. ती "अच्छा, ठीक हाय" म्हणाली आणि पोरीला आंघोळ घालायची आहे म्हणून फोन ठेवला. दुपारी तीनला आंघोळ!

काम होत नाही. साइटच्या कॅलेंडरमध्ये परतीची तारीख निवडली की जाण्याची पुसली जाते — एवढीशी चूक, दोन दिवस झाले सापडत नाही. पूर्वी असलं काही चहा गार व्हायच्या आत उडवायचो. आता मधेच तालिनच्या ट्रामचं वेळापत्रक उघडतो. चार नंबरची दोन मिनिटांत येणार होती. येऊ दे ना! मला कुठे चढायचंय?

जायचंय. हेच तर दुखणं आहे. मला जायचंय!

इथे आलो तेव्हा वाटलं होतं, आपलं गाव आहे, रमू. पण माझे मित्र पुण्याला, नाहीतर बंगलोरला. इथे सुपेल्याच्या चौकात चहा प्यायला उभं राहिलं तरी बोलायला कोणी नाही. दिवसभरात माझ्या तोंडून निघणारी वाक्यं म्हणजे मीटिंगमधली इंग्रजी आणि बाबांबरोबर "जेवता का?", "जेवलो."

१६ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी खर्रा सोडला!

रेल मिलमध्ये तीस वर्षं काढली त्यांनी. लालभडक लोखंडाला रुळाचा आकार देणारे रोल बसवायचे. इतकी वर्षं गालात तो तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. आईने भांडून पाहिलं, रुसून पाहिलं, पुड्या फेकून पाहिल्या. आज पाहतो तर खिशात बडीशेप.

"कावून सोडला?"

"मन झालं."

मन झालं म्हणे! आणि पहाटे उठून टिकारामकाकांबरोबर मैदानाला फेऱ्या मारून येतात. टिकारामकाका म्हणजे आमचे शेजारी, बाबांचे मिलमधले जोडीदार. त्यांनाही विचारलं. हसले आणि गेट लावून घेतलं.

जेवताना बाबांनी अचानक विचारलं, "तिकडे तू जेवनाचं कसं करे?"

"करायचो मीच. दाळ-भात."

"रोज एकटाच जेवे?"

"रोज."

"मंग करमे तुले?"

करिष्मा बोलली वाटतं. म्हणजे त्यांना कळलंय आणि ते न बोलता बोलून राहिले की एकटं जेवणं काय असतं ते बघ. "सुरुवातीला नाही करमायचं, मग सवय होते," म्हटलं. ते कितीतरी वेळ मान हलवत राहिले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाबा सकाळच्या गाडीने दुर्गहून नागपूरला गेले. "करिष्माकडे जाऊन येतो. दोन दिवस." मी म्हटलं मीही येतो, तर म्हणाले, "तुह्यं काम नाही काय? कर ना तुह्यं काम." चक्क झिडकारलं.

घर रिकामं. आईच्या फोटोसमोरची मेणबत्ती त्यांनी जाता जाता लावली होती, ती विझेपर्यंत तिथेच बसलो. मग उठून काद्रीला "हो" असा मेल लिहिला. पाठवला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आले. हात धुताना बाही वर केली तर कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला. रक्त काढल्यासारखा. मी बघतोय हे कळल्यावर बाही खाली!

आणि एक मोठं खाकी पाकीट. एक्स-रेचं असतं तेवढं. ते त्यांनी माझ्यादेखत कपाटावर सरकवलं आणि पुढे बॅग ठेवली.

इथल्या मराठी घरांत नागपूर आणि पाकीट या दोन गोष्टी एकत्र आल्या की कोणी आणखी काही विचारत नाही. इथल्या डॉक्टरने मान हलवली की आपली माणसं नागपूर गाठतात. आईलाही नागपूरलाच नेलं होतं. पाकीट असंच होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाबा फिरायला गेल्यावर पाकीट काढलं. छातीचा एक्स-रे. रिपोर्ट नाही, नुसती फिल्म. खिडकीशी धरली. हृदयाशेजारी काहीतरी पांढरं दिसतंय. ते तिथे असायला हवं की नको, कोण सांगणार?

मग मी तेच केलं जे माझ्यासारखा माणूस करतो. चार टॅब उघडले, चार आजार मिळाले. फोटो काढून एका चॅटबॉटला दाखवला. म्हणे, मी डॉक्टर नाही, तज्ज्ञांना भेटा. अरे मग इतका वेळ गोड-गोड काय बोलत होतास!

खर्रा का सोडला ते कळलं. फिरणं का सुरू केलं ते कळलं.

पाकीट होतं तसं ठेवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सरळ विचारलं. "बाबा, तब्येत बरी हाय ना?"

"मले काय धाड भरली?"

"नागपूरले कावून गेले होते?"

"पोरीले भेटाले जाऊ नाही काय?" आणि पेपर उघडून बसले. पेपर कालचा होता.

करिष्माला फोन. विचारलं तर म्हणते, "दादा प्लीज, मले शप्पथ घातली बाबानं. तुमी दोघं बी मले कावून मधात घेऊन राहिले?" आवाज कसातरीच होता. रडू दाबत होती बहुतेक. मी पुढे काही विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मीटिंगमधून मधेच उठलो, पाणी प्यायला. खिडकीतून पाहतो तर अंगणात बाबा टिकारामकाकांना पाण्याचा वॉल्व्ह दाखवत होते. मोटर किती वेळ चालवायची, टाकी भरली की काय करायचं, गॅसचा नंबर कुठे लावायचा. शेवटी खिशातून घराची चावी काढून त्यांच्या हातात दिली. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि डोळे पुसले.

संध्याकाळी काका मला गेटवर भेटले. खांद्यावर हात ठेवून आपल्या छत्तीसगढीत म्हणाले, "तोर बाबू बड़ हिम्मत वाला हे बेटा. ए उमर मा..." आणि वळून घरात गेले.

मागची तयारी चाललीय. माणूस स्वतःच्या मागची तयारी करून राहिलाय आणि मला सांगत नाहीये! कारण मला सांगितलं तर मी जाणार नाही, हे त्यांना माहीत आहे. म्हणून चावी शेजाऱ्याला. पोरगा घरात असून चावी शेजाऱ्याला!

आज बाबांचा राग आला. आजारी बापाचा राग! त्यांनी आत्ताच का पडावं आजारी, दोन वर्षांनी का नाही, असंही येऊन गेलं मनात. लिहितानाही लाज वाटतेय. पण आलं होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

"हो"चे मेल लिहिले. "नाही"चे मेल लिहिले. एक तर असा लिहिला की त्यातून काहीच कळू नये. तोच सगळ्यात छान जमला.

ती तारखेची चूक मात्र सापडली. दोन तारखा एकाच जागी साठवत होतो. काही वाटलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पाठवला.

"वडिलांना माझी घरी गरज आहे, मला येता येणार नाही. आभार." इतकंच. दुपारी पाठवला, तिकडे सकाळ असेल. काद्री कॉफी घेऊन खुर्चीत बसली असेल. बाहेर बर्फ असेल.

मग न्हाणीत गेलो, नळ सोडला आणि रडलो. मोठ्याने. बाबांसाठी की तालिनसाठी, ते मलाही सांगता येणार नाही. बाहेर आलो तर बाबा दाराशी उभे. "पानी कावून वाया घालून राहिला?"

जेवायला मी वांग्याची भाजी केली. त्यांनी दोनदा घेतली. चांगलं जेवतात हल्ली. गोळ्यांनी भूक वाढते म्हणतात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काद्रीचं उत्तर. फार वाईट वाटलं म्हणाली, आणि बाबांना बरं वाटो असंही लिहिलंय. मी तर आजाराचा शब्दही काढला नव्हता. जागा आमच्याच टीममधल्या लिथुआनियाच्या पोराला दिली. त्याने लगेच होकार कळवला, त्याची सही झाली. मला एप्रिलअखेर निरोप.

चला, संपलं. येरझारा तरी थांबतील म्हटलं. थांबल्या नाहीत. पण फोनवरून तालिनचं घड्याळ काढून टाकलं.

उद्या बाबांना सांगणार, की मी कुठेही जात नाही, आता तरी सगळं सांगा, कुठल्या डॉक्टरकडे जायचं तिथे दोघं मिळून जाऊ.

१ मार्च, शनिवार

मी तोंड उघडायच्या आधी बाबाच बोलले. पाकीट काढून टेबलावर ठेवलं, त्यावर एक कागद. ओमानच्या एका मिलचा. तिथल्या पोरांना रोल बसवायला शिकवायचं आहे, दोन वर्षं. तिकीट, राहणं, सगळं त्यांचं. एक्स-रे व्हिसाच्या तपासणीचा! "फिट निंगालो. पुरा फिट!"

काहीही झालेलं नाही त्यांना.

"आई गेल्यापासून हे घर मले खाऊन राहिलं बाप्पा. त्याइनं तं मागंच बोलावलं होतं. पन तू माह्यासाठी आला, तुले एकटं टाकून कसा जाऊ? करिष्मानं तुह्या नोकरीचं सांगतलं, तेव्हा हो म्हटलं." मग एकदम माझ्याकडे पाहून थांबले. "तुह्यं जानं पक्कं हाय ना? नसन तं सांग. आत्ताच नाही कळवतो त्याइले."

फोन त्यांच्या हातातच होता. इतक्या महिन्यांत त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"पक्कं," मी म्हटलं.

दुपारी पॉवर हाउसच्या बाजारात बॅग घ्यायला गेलो. बाबांनी दोन घेतल्या, एक माझी.