ह्यांच्या आवाजातला होकार

सोम. ८ जाने. २००७
दुपारी कुरियरवाला क्रेडिट कार्डाचं बिल देऊन गेला. हे ज्येष्ठ मंडळात. पाकीट मी फोडलं (फोडायचं नसतं). पेट्रोल, औषधं, आणि एकच नाव तीन वेळा, मुंबईची कुठलीशी सर्व्हिस कंपनी. फ्रिजची वाढीव वॉरंटी. टीव्हीची वाढीव वॉरंटी. वॉशिंग मशीनची वाढीव वॉरंटी. वॉशिंग मशीन आम्ही दोन वर्षांपूर्वीच भंगारात घातलंय.
हे आल्यावर पुढ्यात ठेवलं. पाकीट का फोडलं यावर अर्धा तास. मग आकडा पाहिला. मग, "मी असलं काही घेतलेलं नाही. हा घरातल्याच कुणाचा तरी उद्योग आहे."
घरात आम्ही दोघं. सकाळचे दोन तास कामाला येणारी निर्मला धरली तर तिघं.

मंगळ. ९
पाटबंधारे खात्यात साहेब असताना करायचे तशी चौकशी केली. डायनिंग टेबल, चष्मा, कोरा कागद. निर्मला समोर उभी. अकरा वर्षं येते आमच्याकडे. शर्ट धुवायला कोण काढतं? खिशात कार्ड असतं हे ठाऊक आहे ना? फोन पुसताना उचलतेस का?
नि. म्हणाली, "साहेब, मला त्याच्यावरचं वाचता बी येत नाय."
हे म्हणाले, न वाचता येणारेच जास्त बेरकी असतात, उद्यापासून येऊ नकोस.
ती माझ्याकडे बघत होती. मी तव्यावरची पोळी उलटली. दुसरं काही केलं नाही. लिहायला नको वाटतंय म्हणूनच लिहिते.

गुरु. ११
ह्यांनी कॉलनीभर सांगितलंय. समोरच्यांनी आणि कोपऱ्यावरच्या बंगल्याने पण नि. ला काढलं. तीन दिवसांत तिन्ही घरं गेली. ह्यांना म्हटलं, तर लोकांना सावध करणं हे कर्तव्य आहे म्हणाले आणि पेपर उघडला.
फरशी मी पुसली. थंडी मरणाची. गुडघे.

सोम. १५
बँकेत फोन. तिथली बाई बरी होती. साठ दिवसांत लेखी तक्रार द्या, सही ज्याचं कार्ड त्याची. अर्ज लिहिला. चौथीला शिकवायचे तसा, विषय, महोदय, सगळं. हे सही करत नाहीत.
म्हटलं, अहो, चोरी झाली म्हणताय तर चोरीची तक्रार करायला काय हरकत आहे?
अंघोळीला गेले. दुसऱ्यांदा.

मंगळ. १६
हे मंडळात गेल्यावर त्या कंपनीलाच फोन लावला. पोरगा उर्मट. म्हणाला, मॅडम, सरांनी स्वतः घेतलंय, रेकॉर्डिंग आहे, ऐकवू? मला गप्प करायला ऐकवलं.
ह्यांचा आवाज. ठणठणीत. समोर कोणी मुलगी, मराठीच, गोड. प्रत्येक वाक्याला सर. शेवटी तिने विचारलं, "सर, मॅडमना विचारून सांगता का?"
"तिला काय विचारायचं? तिला चुलीपलीकडे काही समजत नाही."
ती हसली. हेही हसले. मग कार्डाचे सोळा आकडे, एकेक, इंग्रजीत, तिला लिहून घेता यावेत म्हणून थांबत थांबत. बत्तीस वर्षं मी पंचवटीच्या शाळेत पोरांना आकडे शिकवले. माझ्या पगारावर ह्या घराचा पहिला मजला चढला.
आकडे झाल्यावरही ह्यांनी फोन ठेवला नाही. धरणाचं सांगत बसले, पाया खणताना पाणी कसं लागलं, ते कसं वळवलं. ती आपली वा सर, हो सर. मला त्या धरणाचं इतकं कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं म्हणा.
संध्याकाळी जेवायला वाढलं. दोनदा भात मागितला. वाढला.

गुरु. १८
पेठ रोडला नि. च्या घरी. तिने बसा म्हटलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, की फोनवर साहेबांनीच नंबर दिला, तुझा काही दोष नाही, मला आता कळलं.
"मला पयल्यापासून माहीत होतं. बाई, तुमी तिथंच उभ्या होत्या ना?"
होते.
"साहेबांनी चारचौघांत चोर म्हटलं. चारचौघांतच नाय म्हणावं. त्यांच्या तोंडानं. मला दुसरं काय नको."
तिची मुलगी अभ्यास करत होती. माझ्या पाया पडायला उठली, नि. ने नजरेनेच बसवलं.

शनि. २०
पुन्हा कंपनीला फोन, दुसरा पोरगा. ऐकवा म्हटलं, पटत नाही मला. शाळेतला टेपरेकॉर्डर रिसीव्हरला टेकवला. कॅसेटवर आधी पावसाच्या कविता होत्या, चौथी ब. पुसल्या गेल्या. आवाज नीट आलाय.
का केलं? नि. साठी. असं म्हणते तरी.

सोम. २२
एक संधी दिली ह्यांना. चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं, कोणा मुलीचा फोन आला होता का, बोलता बोलता नंबर दिला असेल तर सांगा, होतं असं, निर्मलाला बोलावून घेऊ.
कपातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुझ्या वयाच्या बायकांना भ्रम होतात. डॉक्टरला दाखवू."
बरं म्हटलं. फार शांत वाटलं. इतकं शांत गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

रवि. २८
मंडळाचा मासिक कार्यक्रम. प्रार्थनेची कॅसेट लावायचं काम नेहमी माझं. ह्यांचं भाषण, विषय 'फसवणूक कशी टाळावी'. कडक इस्त्री, कोट. नि. ला निरोप धाडला होता, ती मागे चपलांपाशी उभी होती. ह्यांना दिसली नसावी. दिसली असती तरी थांबले असते असं नाही.
उदाहरण म्हणून तिचीच गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, अकरा वर्षं आमच्याकडे होती एवढंच म्हणाले. माना वळल्या. मग म्हणाले, "म्हणून सांगतो मंडळी, चोर बाहेरून येत नाही."
टाळ्या. मी कॅसेट बदलली आणि बटण दाबलं.
आधी कुणाला कळेना. मग चुलीचं वाक्य आलं आणि हॉल हसला. ह्यांचे पत्त्याचे जोडीदार सगळ्यांत जास्त हसले. सोळा आकड्यांना तर कोणी मोठ्याने मोजायला लागलं. हे माईक धरून तसेच. बंद करता आलं असतं. मी नाही केलं. धरणाचं सुरू झालं तेव्हा हसणं थांबलं, लोक जमिनीकडे बघायला लागले. तरी नाही केलं. पार शेवटपर्यंत वाजवलं.
रिक्षात शेजारी बसून घरी.

सोम. २९
सकाळी अर्ज पुढे ठेवला. न वाचता सही. मग कार्ड, कपाटाच्या किल्ल्या, चेकबुक, सगळं माझ्यासमोर ओळीने मांडलं आणि गॅलरीत जाऊन बसले. अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. कार्ड बंद करायला सांगितलं.
नि. कडे गेले. वाटलं होतं, आनंद होईल. समोरच्यांनी परत बोलावलंय तिला, बंगल्यावाल्यांनी पण. आमच्याकडे येणार नाही.
"साहेब नाय म्हटलेच नाय ना. तुमचा टेप बोलला."
म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच केलं मी.
"माझं नाव घेऊ नका, बाई. मला साहेबांचं तोंड बगवंना."
ज्याने तिला चोर ठरवलं त्याची तिला दया. माझ्याकडे मात्र बघत नव्हती.

शुक्र. २ फेब्रु.
पुण्याहून लेकीचा फोन. तिला कोणीतरी सांगितलं. आई, बाबांना एकट्यात सुनावायचंस, चारचौघांत काय गं? म्हटलं, निर्मलाला एकट्यात सुनावलं होतं का? ती म्हणाली, ते तसे आहेत, तू तशी नव्हतीस.
मी कशी होते हे हिला कोणी विचारलं होतं?

रवि. ११
हे मंडळात जात नाहीत. दाढी एक दिवसाआड. आणि एक नवीन, प्रत्येक गोष्ट विचारतात. पंखा लावू का? पेपर घेऊ का? गच्चीवर जाऊन येऊ का? 'अगं' सुद्धा गेलं. आज शेजारीण बसली होती, तिच्यासमोर स्वयंपाकघराच्या दारात येऊन, "मी पाणी पिऊ का?"
शेजारणीने माझ्याकडे असं पाहिलं.
टोमणा आहे की खरंच खचलेत? चेहऱ्यावरून कळत नाही. तेहतीस वर्षं हा चेहरा वाचला, आता कोरा. टोमणा असेल तर राग येतो. नसेल तर भीती वाटते.

सोम. २६
म्हटलं, अहो, नाटक पुरे. निर्मलाकडे जाऊ या दोघं, एक वाक्य बोला, संपवू सगळं.
"जाऊ का? तू म्हणशील तर जातो. काय बोलायचं ते लिहून दे."
लिहून दिलेलं वाचून दाखवणार. ते नि. ला चालणार नाही, तिला बरोब्बर कळेल. कागद काढलाच नाही.
बँकेचं पत्र, चौकशी चालू आहे.

शुक्र. ९ मार्च
कार्ड बंद झालं, पण त्या कंपन्यांचे फोन थांबत नाहीत. आमचा नंबर कुठल्या कुठल्या याद्यांत गेला देव जाणे. आज सकाळी अकराला वाजला. मी कणीक मळत होते. हे फोनपाशीच खुर्चीत. हात पुढे गेला, मध्येच थांबला.
"उचलू का?"
तिकडे कोणी मुलगी असणार, सर म्हणणारी. ह्यांना ते ठाऊक, मलाही. हो म्हणायला माझं काय जात होतं? कार्ड नाही, देण्यासारखे आकडे नाहीत, बोलले असते दोन मिनिटं धरणाचं. तोंडाशी आलं होतं 'हो'.
पण ते मान वर करून माझ्याकडे बघत होते, माझ्या शब्दाची वाट बघत. आणि मला ते आवडलं. खोटं कशाला लिहू? आवडलं. कणकेचा हात धुतला, पुसला, सावकाश. फोन वाजत होता. मी काही बोलले नाही.