दार उघडायला वेळ लागेल

प्रिय टवाळे,

दचकू नकोस, अक्षर माझंच आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सहीपलीकडे फारसं लिहिलं नाही. तेव्हा ओळी तिरक्या वर चढल्या तर मान वाकडी करून वाच. फोनच केला असता, पण तू उचलत नाहीस. शिवाय आमच्या घरात फोनवर एक बोललं की चार कान उभे राहतात.

खरं सांगते, पहिल्यांदा तू मला मुळीच आवडली नव्हतीस. नात सुट्टीत तुला घरी घेऊन आली आणि जेवताना सगळ्यांसमोर तू तिची अब्रूच काढलीस. म्हणे ही आंघोळीला गेली की हॉस्टेलची टाकी रिकामी होते, हिची वेणी होईपर्यंत पहिला तास उरकतो, आख्खं कॉलेज हिला गोगलगाय म्हणतं. आणि ते नाव ठेवलं कुणी, तर तूच! मी म्हटलं, ही कसली मैत्रीण? आई काय करते, वडील कुठे असतात, अशी तुझी उलटतपासणी घेतली, तर तू मलाच फौजदार करून टाकलंस. माझा लेक तोंडावर रुमाल धरून हसत होता. आईच्या बाजूने कधी बोलेल तर शपथ! असो.

मग पोरगी बसमधून उतरताना पडली. पायाचं ऑपरेशन झालं, थोडं लंगडणं राहील म्हणाले डॉक्टर. तेव्हापासून तू यायचीस ती खुर्चीच्या कडेवर बसायचीस. बरी आहेस ना, औषध घेतलंस का, काळजी घे. हाक मारायची तीही पूर्ण नावाने. अगं, त्यापेक्षा नर्स परवडली! तू गेलीस की ही भिंतीकडे तोंड करून पडायची. कॉलेज नको म्हणायची, हॉस्टेलच्या तुमच्या खोलीत तुला दुसरी मुलगी घेऊ दे म्हणायची.

आता त्या रविवारचं. बेल वाजली तेव्हा मी न्हात होते, डोळ्यांत साबण. दार काही उघडेना, आणि तुझ्या हातांना हॉस्टेलच्या न्हाणीघराचं दार बडवायची सवय. धाडधाड बडवलंस आणि ओरडलीस, ए गोगलगाय, उघड की, म्हातारी होईन मी इथेच! दार उघडलं तर समोर तीच, दोन्ही काखांत कुबड्या. पलंगावरून आपली आपण उठून दारापर्यंत ती पहिल्यांदाच आली होती, बाई. तू पांढरीफटक पडलीस, हे तिनेच मला नंतर सांगितलं. संत्र्यांची पिशवी तिथेच टाकलीस, रडत माफी मागितलीस आणि जिना उतरून पसार झालीस. त्यानंतर ना तू, ना तुझा फोन.

पण तुझ्यामागे काय झालं ते तुला ठाऊकच नाही. मी ओल्या केसांनी बाहेर आले तर ही दाराला टेकून हसतेय. हसतेय म्हणजे काय, कुबडी सुटली हातातून, मी धरलं म्हणून उभी राहिली. संत्री जिन्यावरून खाली पळाली. खालच्या शिंपीदादांनी गोळा करून आणून दिली, वाटेत एक सोलून खात. इतक्या महिन्यांनी तिचं हसणं ऐकलं गं. मीही हसत सुटले, डोळ्यांतला साबण अजून तसाच.

तेव्हापासून पलंग ते दार, दार ते पलंग, दिवसभर हेच चाललंय. कुबड्या काखेत रुतू नयेत म्हणून मी जुन्या स्वेटरच्या टोप्या शिवल्यात त्यांना. काल आरशासमोर उभी राहून पुटपुटत होती. मी कान दिला, फौजदारच ना मी! तर तुझ्या त्या ओरडण्याला द्यायचं उत्तर घोकत होती. काय ते सांगणार नाही, पण झोंबेल हं तुला.

उत्तर तयार आहे आणि तू येत नाहीस, म्हणून हा कागद. येत्या रविवारी ये. बेल वाजवू नकोस, दार बडव. मी घरातच असेन, पण उठायची नाही. वेळ लागेल. तोवर बाहेरून हवं ते बोल, माफी तेवढी मागू नकोस. आणि जाताना कॉलेजला घेऊन जा तिला. टाकीतलं पाणी संपलं तर संपू दे.

तुझीच,
फौजदार आजी