पाचवी गाडी

२ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. नियम एकच: स्वतःशी खोटं बोलायचं नाही.

रेसिंग क्लबचं पत्रक आलं. जवळचा ट्रॅक गेला, तिथे इमारती होणार. हंगामाची शेवटची रेस आता सहा तास लांब. शिवाय नवा नियम: ज्या गटाच्या पाच गाड्या त्या दिवशी सुरुवातीची रेषा ओलांडणार नाहीत, तो गट कायमचा बंद. आमचा गट छोट्या गाड्यांचा. तो बंद म्हणजे माझं रेसिंग बंद. मोठी गाडी या जन्मी परवडायची नाही.

विमा ऑफिसात आठवडाभर दुसऱ्यांच्या ठोकलेल्या गाड्या तपासायच्या. हे रविवारही गेले तर माझ्याकडे उरतं काय? (उद्या वाचून हे वाक्य खोडणे.)

५ ऑगस्ट
दुसरं पत्रक. किमान वजन यापुढे गाडी आणि ड्रायव्हर मिळून मोजणार. माझी गाडी हलकी आहे, मी नाही. माझ्या पोटाचा खेळाला उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ. हिने लावलेलं डाएट तडकाफडकी बंद केलं. ही म्हणाली, नियम क्लबने केलाय, डॉक्टरांनी नाही. घरच्यांना तंत्र समजावणं अवघड असतं.

९ ऑगस्ट
फोनाफोनी. गटात मला धरून पाचच जण, तेव्हा सगळे यायलाच हवेत. टायरच्या दुकानाचे दोघे भाऊ येतो म्हणाले. दंतवैद्य येणारच, तो दर वेळी जिंकतो. (नशीब. दुसरं काही नाही.) बेकरीवाला मात्र अडून बसलाय. म्हणे डिझेलचे भाव बघा, गाडी ओढून न्यायचं भाडं बघा, तेवढ्यात माझी भट्टी दुरुस्त होईल. मला वाटतं, घाबरतो मला. मागच्या रेसमध्ये तो माझ्या पुढे होता, पण सारखा आरशात बघत होता.

१२ ऑगस्ट
दंतवैद्याचा फोन. त्याच्या ट्रेलरवर दोन गाड्या मावतात, निम्म्या भाड्यात माझी न्यायला तयार. ज्याला हरवायचं त्याच्याच ट्रेलरवर चढून जायचं? बाणेदारपणे सांगितलं, ती जागा बेकरीवाल्याला द्या. दिली. बेकरीवाला तयार झाला. झाल्या पाच गाड्या. याला डोकं लागतं.

माझ्या गाडीचं काय ते नंतर बघू. मेहुण्याची जीप आहेच.

१३ ऑगस्ट
मेहुणा नाही म्हणाला. मागच्या वेळी माझी गाडी ओढताना जीपची कडी वाकली ते अजून मनात धरून बसलाय. माणसाचं मन मोठं हवं.

भाड्याच्या जीपची चौकशी केली. मालकाने आकडा सांगितला. मी म्हटलं, भाडं विचारलंय हो, जीप विकत नकोय. त्याने फोन ठेवला.

१७ ऑगस्ट
तोडगा सापडला. रेसची गाडी रस्त्याने चालवतच न्यायची. नंबरप्लेट आहे, विमा आहे. गाडी शेवटी चालवायलाच असते. इतक्या वर्षांत हे कुणालाच कसं सुचलं नाही?

संध्याकाळी तिसरं पत्रक. वजन पुन्हा ड्रायव्हर सोडून मोजणार. निषेध. इतके दिवस मन लावून खाल्लं ते सगळं फुकट. आता वजन भरायला मागे वाळूची पोती टाकायची. तिकडे मिळतील न मिळतील, इथूनच भरून नेणार.

२३ ऑगस्ट, संध्याकाळ, लॉजवर
पोचलो. सहा तासांच्या रस्त्याला दहा लागले. घाटात गाडी रेंगाळत होती आणि जळका वास येत होता. पुढच्या ट्रकचा असणार. ट्रक वळून गेल्यावरही येत राहिला, म्हणजे त्या रस्त्यालाच असावा.

उद्या पहिल्या तिघांत. निदान बेकरीवाल्याच्या पुढे.

२४ ऑगस्ट
झेंडा पडला. क्लच सोडला. गाडी नुसती ओरडली, जागची हलली नाही. चौघे रेषा ओलांडून गेले, माझ्याभोवती धूर. मी मध्येच अडकलेला, म्हणून लाल झेंडा दाखवून सगळ्यांना परत बोलावलं. टायरवाल्यांतले थोरले वाकून बघून म्हणाले, क्लच जळलाय, घाटातच गेला असणार.

स्टिअरिंग धरून बसून राहिलो. या सगळ्यांना मीच गळ घालून, एवढ्या खर्चात पाडून इतक्या लांब आणलं, आणि माझ्यामुळेच गट बुडाला. फार वाईट वाटलं.

दंतवैद्य मात्र क्लबच्या सेक्रेटरींना विचारत होता, नियमात 'ओलांडली पाहिजे' असं आहे, 'चालवत ओलांडली पाहिजे' असं कुठे आहे? सेक्रेटरींनी पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाले, नाही बुवा कुठे. बेकरीवाला म्हणाला, मग आधी ती पोती खाली काढू. सेक्रेटरी म्हणाले, काढलीत तर वजन कमी भरेल, गाडी बाद. तेव्हा वाळूसकट आणि माझ्यासकट, हेल्मेटं घातलेल्या चौघांनी गाडी रेषेपलीकडे ढकलली. सेक्रेटरी ओरडले, पाच. माझे डोळे भरून आले. धूर फार होता.

नंतर चौघांची रेस झाली. दंतवैद्य जिंकला. आज नशीब म्हणणार नाही.

२५ ऑगस्ट
गाडी तिथल्या गॅरेजात ठेवून बसने घरी. हिला सांगितलं, पाचवा आलो. ही म्हणाली, कितीत? मी चहा मागितला.

६ सप्टेंबर
नवं पत्रक. आमचा गट राहिला. सोबत नवा नियम: 'गाडीने सुरुवातीची रेषा न ढकलता, स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर ओलांडली पाहिजे.' सेक्रेटरींना फोन करून विचारलं, हे माझ्यावरून का? म्हणाले, छे हो, तुमचं नाव कशाला घालू कागदावर. पण क्लबात सगळे या नियमाला तुमच्याच नावाने ओळखतात.

एका ड्रायव्हरवरून अख्खा नियम. असा मान दंतवैद्यालाही मिळालेला नाही. हिला वाचून दाखवलं. ही इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. थोड्या वेळाने मलाही हसू आलं.

पुढच्या हंगामाचं ध्येय लिहून ठेवतो: रेषा ओलांडणे. सुरुवातीची.